ध्वनीची संहिता
दृश्यमाध्यमातील ध्वनिरचना शिकणाऱ्यांना मी प्रथम व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) दाखवतो. त्यात गाणी आहेत, पण पार्श्वसंगीत नाही; आवाज येतात ते प्रसंगातूनच. काकासाहेबांच्या घरातील भिंतीवरचे घड्याळ वेळेबरोबर त्यांचे वयही सांगते. भाव सुचवणारे संगीत नसल्यामुळे जरठविवाहाला नीरेने दिलेला नकार केविलवाणा न होता करारी राहतो.

संहितालेखकाने यातून एक गोष्ट घ्यावी. ‘ती खिन्न झाली’ हे ध्वनिमुद्रित करता येत नाही. ‘नळ वाहतच राहिला’ हे येते. म्हणून प्रत्येक प्रसंगाच्या तीन नोंदी कराव्यात : संवाद, परिसरातील आवाज आणि शांतता. मग चित्र झाकून नुसते ऐकावे. भाव पोचला नाही, तर संगीत वाढवू नये. संहिता पुन्हा लिहावी.