उंची मोजावी कोठून?

नरडाणा स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची जी उंची लिहिलेली असते, तिच्याकडे सुरत-भुसावळ मार्गावरील प्रवासी सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. परंतु साल्हेरचे १,५६७ मीटर, कळसूबाईचे १,६४६ आणि एव्हरेस्टचे ८,८४८.८६ हे आकडे याच हिशेबाच्या दप्तरातले आहेत. १८०२ साली मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजून, सुमारे अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटने कोन घेत, त्रिकोणामागून त्रिकोण रचीत उत्तरेकडे निघालेले सर्वेक्षक लॅम्बटन साहेब १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटी वारले, हे किती मराठी माणसांस ठाऊक असेल! पुढे नेपाळची सरहद्द बंद असल्यामुळे शंभराहून अधिक मैल दूर तराईतून कोन घेऊन, वातावरणात किरण वाकतो त्याची वजावट करून, ‘पंधराव्या शिखरा’ची, म्हणजेच एव्हरेस्टची, उंची २९,००२ फूट ठरली व १८५६ मध्ये जाहीर झाली, त्या गणितात सर्वेक्षण खात्यातील गणिती राधानाथ सिकदार यांचा वाटा मोठा. मात्र समुद्रतळावरील पायथ्यापासून मोजल्यास हवाईचा मौना केआ १०,००० मीटरांहून अधिक भरतो, आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजल्यास (मला स्वतःला समुद्रसपाटीच बरी वाटते, केंद्रापर्यंत ओळंबा कोण सोडणार?) विषुववृत्ताचा फुगवटा साहाय्यास येऊन इक्वेडोरचा चिंबोराझो एव्हरेस्टहून सुमारे दोन किलोमीटर पुढे जातो.