आभार शिवाराचे, पण खरेदीसकट

२५ मार्च २०२० ला कोरोनाची टाळेबंदी लागली, तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीच्या पट्ट्यात रब्बीची ज्वारी-हरभरा काढायचा हंगाम होता. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी यांना लांबून ट्रक लागत नाही. म्हणून पहिले आभार शिवाराचे. कुणी विचारेल, मग द्राक्षवाल्यांचं काय? खरंच, ऐन तोडणीत वाहतूक अडली, अनेकांना बेदाण्याकडे वळावं लागलं. म्हणूनच नुसते आभार पुरत नाहीत, खरेदीही हवी: बेदाण्याची, आणि द्राक्षांच्या वाईनचीही. वाईन परकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी शेजारचं तेर आठवावं: तेच प्राचीन तगर; तिथलं कापड ज्या भडोच बंदराला जाई, तिथेच इटलीची वाईन उतरे, असं ‘पेरिप्लस’ हा प्राचीन ग्रीक ग्रंथ सांगतो. (अतिरेक घातकच, त्यात वाद नाही.) बेदाणा असो की वाईन, पुढच्या वेळी बाटलीवरचं, पाकिटावरचं गाव वाचा आणि इथलंच घ्या.