हिमाद्रीवरील हजेरी

चेन्नईच्या पल्लिकरणै भागात राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आहे. बर्फाशी संबंध नसलेल्या या शहरातील संस्थेने घडविलेली ‘इंडआर्क’ ही वेधयंत्रणा जुलै 2014 मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील काँग्सफ्योर्डमध्ये, 192 मीटर खोल पाण्यात, नांगरण्यात आली. त्याच खाडीकाठी न्यू-ओलेसुंद येथे ‘हिमाद्री’ हे आपले संशोधन केंद्र 2008 पासून उभे आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र 1920 साल अधिक महत्त्वाचे वाटते. स्वालबार्डवरील नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या पॅरिसच्या करारावर भारताच्या वतीनेही सही झाली. अर्थात ती ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून. करारातील देशांच्या नागरिकांना तेथे प्रवेशाचा समान हक्क मिळाला. आपला हक्क कित्येक दशके कागदावरच राहिला. शासकीय सेवेत असे कितीतरी हक्क फायलींत निजलेले मी पाहिले आहेत.

केंद्र उभारल्यानेही काम संपले नाही. हिमाद्री मुख्यत्वे उन्हाळ्यातच गजबजत असे. पहिली हिवाळी मोहीम निघाली ती डिसेंबर 2023 मध्ये. समुद्राचे तापमान आणि क्षारता यांच्या नोंदी सलग नसतील, तर आर्क्टिकमधील बदल आणि आपला मान्सून यांचा संबंध कसा उलगडणार? 2015 चा पूर अनुभवलेल्या चेन्नईकरांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. म्हणूनच हिमाद्रीवरील बारमाही हजेरीसाठी प्रत्येक अंदाजपत्रकात निश्चित तरतूद हवी. एका वर्षाची चुकलेली नोंद पुढच्या वर्षी भरून काढता येत नाही.