पुस्तकांची भिशी, फ्रेंच बेताची

मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६८ सालच्या 'लाव्हार' या नाटकात एक कंजूष गृहस्थ घरी मेजवानी ठरवतो. पाहुणे आठ-दहा येणार. पण स्वयंपाक आठांचाच करावा, कारण आठांचे जेवण दहांना सहज पुरते, असा त्याचा हिशेब. शिवाय पदार्थ असे हवेत की चार घासांतच पोट भरावे! आचार्य अत्रे यांनी याच नाटकावरून 'कवडीचुंबक' मराठीत आणले.

वऱ्हाडातील अडचण नेमकी उलट आहे. येथे आठ पाहुण्यांसाठी सोळांचे रांधले जाते आणि दोनदा आग्रह झाला नाही तरी मागाहून त्याची चर्चा होते. अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत चार मैत्रिणींनी पुस्तकभिशी सुरू करावी, पहिल्या घरी चिवडा-चहा, दुसऱ्या घरी आलूबोंडे, तिसऱ्या घरी थेट भरीत-भाकरी आणि ठेचा, अशी चढाओढ लागावी, आणि पाचव्या महिन्यात पुस्तक बाजूलाच राहावे, हे सहज घडू शकते. सर्वांत मोठे नुकसान यजमानीणबाईंचे. ज्या पुस्तकासाठी सगळ्या जमल्या, त्यावरची चर्चा त्यांना स्वयंपाकघरातून तुकड्यातुकड्यांनी ऐकावी लागते. तेव्हा बेत असा हवा, की पाहुणे आल्यावर यजमानांना शेगडीपाशी फारसे उभे राहावे लागू नये.

फ्रेंच म्हटले की महागडे चीज आणि नाव घेता न येणारे पदार्थ डोळ्यांसमोर येतात. परंतु फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स आणि नीस या भागांतील घरगुती अन्न वऱ्हाडी स्वयंपाकघराला मुळीच परके नाही. वांगी, टोमॅटो, कांदा, लसूण आणि हरभऱ्याचे पीठ! अकोल्याच्या बाजारात यांपैकी काय मिळत नाही?

पुस्तकही त्याच मातीतले निवडावे. झाँ जिओनो (१८९५-१९७०) हा प्रोव्हान्समधील मानोस्क गावचा लेखक. झाडे लावणाऱ्या मेंढपाळाची त्याची कथा मराठीतही अनुवादित झाली आहे. ती तासाभरात वाचून होते, त्यामुळे 'वेळच मिळाला नाही' ही सबब उरत नाही. एकच प्रत असेल तर एकीने मोठ्याने वाचावी, इतरांनी ऐकावी. उजाड डोंगरावर एक एकटा माणूस निवडून घेतलेली शंभर बलूतफळे रोज पेरतो. काही दशकांनी तेथे अरण्य उभे राहते आणि आटलेले ओढे पुन्हा वाहू लागतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, ओढ्याला पाणी येण्याचा तो प्रसंग निराळाच भिडतो. चर्चेला आणखी एक धागा आहे. जिओनोने ही कथा एका अमेरिकी मासिकाच्या मागणीवरून लिहिली. त्यांना खराखुरा अविस्मरणीय माणूस हवा होता. हा मेंढपाळ काल्पनिक असल्याचे उघड होताच त्यांनी कथा नाकारली. माणूस खोटा ठरला म्हणून कथा खोटी ठरते काय? एवढ्या एका प्रश्नावर संध्याकाळ सरेल.

आता बेत. 'रातातुई' सकाळीच करून ठेवावी. मुरल्यावर ती अधिकच चांगली लागते. वांगी, ढोबळी मिरची आणि कोवळा दुधी (तिकडे झुकिनी असते) यांच्या फोडी तेलावर निरनिराळ्या परताव्यात, सगळे एकदम कढईत ढकलू नये. मग कांदा, लसूण, टोमॅटो मऊ शिजवून त्यात त्या फोडी सोडाव्यात आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवाव्यात. मीठ, मिरपूड, असल्यास तुळशीच्या जातीचे बेझिल. गोडा मसाला घालण्याचा मोह आवरावा, नाहीतर ती नेहमीची भाजी होईल. सोबत बेकरीचा पाव कापून, भाजून.

'सोका' हे नीसचे बेसनाचे धिरडेच. एक वाटी बेसन, सव्वा ते दीड वाटी पाणी, मीठ आणि दोन चमचे तेल एवढेच भिजवून दोन तास ठेवावे. हळद, ओवा, हिरवी मिरची काही नाही. वरून भरपूर मिरपूड. नीसमध्ये ते मोठ्या ताटात लाकडाच्या भट्टीत भाजतात, येथे जाड तवा चालतो. कडा करपट कुरकुरीत झाल्या पाहिजेत. ऑलिव्ह तेल नसल्यास शेंगदाण्याचे वापरावे, कोणी फ्रेंच तपासायला येणार नाही. पाहुणे आल्यावर करायचे एवढे एकच काम, आणि ते आळीपाळीने कोणीही करावे.

गोडासाठी वरुड-मोर्शीची संत्री आहेतच. मैदा, दुप्पट दूध, दोन अंडी आणि थोडे वितळलेले लोणी यांची पातळ धिरडी, म्हणजे 'क्रेप', दुपारीच करून रचून ठेवावीत. अंडी चालत नसतील तर चमचाभर कॉर्नफ्लोअर घालावे. धिरडे जरा नाजूक होते, उलटताना जपावे. चार संत्र्यांचा रस साखर व लोण्यासह आटवून त्यात ती घडी घालून गरम करावीत. सालीचा वास हवा असल्यास फक्त वरचा केशरी पापुद्रा घ्यावा, आतील पांढरा भाग कडवट असतो. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि गच्चीवर बसण्याजोगी हवाही तेव्हाच असते. त्यानंतर वऱ्हाडातील ऊन कोणत्याही चर्चेचा निकाल लावते.

शेवटी कॉफी, आणि ती चिखलदऱ्याची. मेळघाटात कॉफी पिकते, हे अमरावतीकरांनाही अनेकदा सांगावे लागते.

दोन्ही शहरांतील गटांनी वर्षातून एकदा एकत्र बसायलाही हरकत नाही. याच मार्गावर २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तासांत झाल्याचा विक्रम गिनीज बुकात गेला आहे, तेव्हा रस्त्याची सबब तरी कोणी सांगू नये. मूर्तिजापूर मध्यावर पडते. तेथे कोणाचे माहेर असल्यास बेत त्यांच्याकडे. रातातुईचा डबा अमरावतीहून आणि धिरडी अकोल्याहून नेता येतात. सोक्याचे पीठ मात्र तेथेच भिजवावे.