ग्रिड कोसळते ते कशामुळे? सौर-पवन विजेबद्दलचे गैरसमज

२८ एप्रिल २०२५ रोजी स्पेनमध्ये दुपारचे १२ वाजून ३३ मिनिटे झाली होती. पुढच्या काही सेकंदांत स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांची वीज गेली. मेट्रो बोगद्यांत अडकल्या, सिग्नल बंद पडले, माणसे लिफ्टमध्ये कोंडली गेली. पुरवठा पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडली. वीज गेली त्या क्षणी स्पेनच्या निर्मितीत सौर विजेचा वाटा निम्म्याहून अधिक होता. त्यामुळे निष्कर्ष काढायला कुणाला वेळ लागला नाही. उन्हावर विसंबले आणि तोंडघशी पडले, असे पहिल्याच दिवशी बोलले गेले. चौकशी सुरू होण्याआधीच ते जगभर पसरले आणि आपल्याकडेही अनेकांना पटले.

चौकशीत निघाले ते वेगळे होते. त्या दिवशी वीज कमी पडली नव्हती. ग्रिडमधला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढत गेला आणि तो खाली आणण्याची व्यवस्था अपुरी ठरली. दाब मर्यादेपलीकडे गेला की प्रत्येक वीजकेंद्र स्वतःच्या बचावासाठी ग्रिडपासून सुटते. एक सुटले की दाब आणखी वाढतो आणि मग दुसरे सुटते. या साखळीतच सगळे कोसळले. स्पेन सरकारच्या जून २०२५ च्या अहवालानुसार दाब सांभाळण्यासाठी त्या दिवशी नेमलेले पारंपरिक संच संख्येने कमी होते आणि जे होते त्यांनीही अपेक्षेइतके काम केले नाही. सौर आणि पवन प्रकल्पांना तर ते काम सांगितलेलेच नव्हते. त्यांनी ठरावीक सेटिंगवर चालायचे, दाबाच्या चढउताराला प्रतिसाद द्यायचा नाही, असा जुना नियम होता. या प्रकल्पांची वीज ग्रिडला जोडणाऱ्या आजच्या इन्व्हर्टरला हे काम उत्तम जमते, पण नियमाने त्याला ते करू दिले नव्हते. अपघातानंतर स्पेनने तो नियम बदलायला घेतला.

ग्रिडचा भरवसा कोळशात किंवा उन्हात नसतो. तारा, सेटिंग, नियम, साठवण आणि नियंत्रण कक्षातली माणसे यांतून तो तयार होतो. हे लक्षात न घेता इंधनाला शाबासकी किंवा दूषण देत बसलो, की खरी कामे मागे पडतात.

‘कोळशाची वीज हुकमी, बाकीची बेभरवशाची’

हे मराठवाड्यात कुणी म्हणू नये. परळीचे औष्णिक केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये पूर्ण बंद ठेवावे लागले होते, कारण संचांना द्यायला पाणी नव्हते. २०१५ च्या दुष्काळात तेच पुन्हा घडले. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रालाही २०१० च्या उन्हाळ्यात पाण्याअभावी संच बंद करावे लागले. औष्णिक केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते, हे आपण सोयीने विसरतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये तर कोळशाच्याच टंचाईमुळे महावितरणला वीज पुरवणारे १३ औष्णिक संच बंद पडले आणि ३,३३० मेगावॅटची तूट आली.

आता आपल्या देशातला सर्वांत मोठा अंधार घ्या. ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही ग्रिड एकदम गेली. सुमारे ६२ कोटी लोकांच्या प्रदेशाला त्याची झळ बसली. देशात तेव्हा सौर वीज जेमतेम हजार मेगावॅट होती. बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी जादा भाराने ट्रिप झाली, तिच्या जोडीच्या काही वाहिन्या आधीच बंद होत्या आणि राज्ये वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवारी सकाळी मुंबई थांबली तीही कळवा-पडघा परिसरातल्या वाहिन्या बंद पडल्यामुळे. अशा वेळी मुंबईला उरलेल्या ग्रिडपासून अलग करून वाचवणारी ‘आयलँडिंग’ व्यवस्था त्या दिवशी उपयोगी पडली नाही.

सौर आणि पवन वीज बदलती आहे हे खरेच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बदलती असणे वेगळे आणि अचानक दगा देणे वेगळे. सूर्य किती वाजता मावळणार हे पंचांगातही छापलेले असते. ढग आणि वारा यांचा अंदाज हवामानाच्या नोंदींवरून बांधता येतो. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात किती वीज देणार हे प्रकल्पांना आधी कळवावे लागते आणि ते फार चुकले तर दंड भरावा लागतो. वारा-ऊन भरपूर असलेल्या राज्यांत त्यासाठी स्वतंत्र नवीकरणीय ऊर्जा व्यवस्थापन केंद्रे उभी राहिली, त्यांत महाराष्ट्रही आहे. याउलट ६६० मेगावॅटचा औष्णिक संच बॉयलरची नळी फुटून बंद पडतो तेव्हा तो कुणाला कळवून पडत नाही. त्याची जागा भरायला राखीव वीज आजवर ठेवावी लागत आलीच आहे.

महाराष्ट्राच्या बाबतीत निसर्गाची एक सोयही आहे. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते, त्याच महिन्यांत वांकुसवडे आणि ब्राह्मणवेलच्या पठारांवर वारा सर्वांत जोरात असतो. वर्षाच्या पवन विजेचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबरमध्ये मिळतो.

‘एवढे चढउतार ग्रिडला झेपणार नाहीत’

याचे उत्तर आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. ५ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, रात्री ९ वाजता ९ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले. ग्रिड सांभाळणाऱ्यांना १२ ते १४ हजार मेगावॅट मागणी घटेल असे वाटले होते. प्रत्यक्षात ती ३१,०८९ मेगावॅटने घटली आणि लगेच पुन्हा वर चढू लागली. कोणत्याही ढगामुळे एवढ्या वेगाने एवढी वीज देशातून नाहीशी होत नाही. तरीही कुठे अंधार झाला नाही. आपल्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास ठेवायची असते. त्या रात्री ती ४९.७० ते ५०.२६ या पट्ट्यात राहिली.

हे जमले ते तयारीमुळे. जलविद्युत केंद्रे नऊ वाजायच्या आधीच पूर्ण जोमाने चालवून ठेवली होती, म्हणजे मागणी पडताच ती झटकन कमी करता यावीत. औष्णिक संच किमान पातळीवर आणले होते. कोणत्या केंद्राने कोणत्या मिनिटाला काय करायचे हे ठरलेले होते. राष्ट्रीय केंद्रापासून कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रापर्यंत सगळे एका वेळापत्रकाने हलले. ज्या लवचिकतेची गरज सौर विजेला रोज संध्याकाळी पडते, ती हीच. ती रोज लागणार असेल तर औष्णिक संचांनाही वळण बदलावे लागेल. पूर्वी ते ५५ टक्क्यांच्या खाली चालवत नसत. आता दुपारच्या उन्हात ४० टक्क्यांपर्यंत खाली यायचे, हे उद्दिष्ट त्यांना टप्प्याटप्प्याने दिलेले आहे.

मात्र इथे एक आक्षेप गंभीर आहे आणि तो गैरसमज म्हणून झटकू नये. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्रातले जनित्र म्हणजे शेकडो टनांचे फिरते लोखंड. शिवणयंत्रावरचा पाय काढला तरी त्याचे चाक क्षणभर फिरत राहते, तसे एखादे केंद्र सुटले तरी बाकीची जनित्रे आपल्या वेगाच्या जोरावर काही सेकंद वारंवारता सावरतात. सौर पॅनेलमध्ये असे फिरते काहीच नाही. त्यामुळे सौर वीज वाढत जाईल तशी ही सेकंदांची उसंत कमी होते.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने याचा धडा महाग किमतीत घेतला. २८ सप्टेंबर २०१६ च्या वादळात तिथले वीजवाहिन्यांचे मनोरे कोसळले. दाब लागोपाठ खाली-वर झाला आणि पवन प्रकल्पांनी काही सेकंदांत ४५६ मेगावॅट वीज काढून घेतली. वारा थांबला नव्हता. ठरावीक वेळा दाब घसरला की बंद व्हायचे, असे सेटिंग पवनचक्क्यांत बसवलेले होते आणि ग्रिड चालवणाऱ्यांना त्याची कल्पनाच नव्हती. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर सगळा भार आला, तीही सुटली आणि पूर्ण राज्य अंधारात गेले. त्यानंतर ते सेटिंग बदलले. डिसेंबर २०१७ मध्ये हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॅटची बॅटरी सुरू झाली. त्याच महिन्यात व्हिक्टोरियातला कोळशाचा एक मोठा संच अचानक बंद पडला, तेव्हा एका सेकंदाच्या आत वीज सोडून वारंवारता सावरायला हातभार लावणाऱ्यांत ही बॅटरी होती. पुढे तिथे वीज न बनवता नुसते फिरत राहणारे चार सिंक्रोनस कंडेन्सरही बसवले गेले. आज त्या राज्याची बहुतांश वीज वारा आणि ऊन यांतून येते.

आपल्याकडेही इशारे मिळून गेले आहेत. २०२२ पासून राजस्थानातल्या सौर पट्ट्यात वाहिनीवर दोष आला की एका झटक्यात हजार मेगावॅटहून जास्त सौर वीज सुटण्याचे प्रसंग अनेकदा घडले. दाब क्षणभर खाली गेला तरी प्रकल्पाने ग्रिड सोडायचे नाही, असा नियम आहे. काही प्रकल्प तो पाळत नव्हते. अशा प्रकल्पांची तपासणी कठोर व्हायला हवी आणि तिथे नियामकांनी दयामाया दाखवू नये.

‘बॅटऱ्या स्वस्त झाल्याशिवाय हे सगळे हवेतच’

बॅटऱ्या स्वस्त झाल्या आहेत. २०२२ मध्ये दोन तासांच्या साठवणीसाठी निविदेत मेगावॅटमागे महिना १० लाख रुपयांहून अधिक दर आला होता. २०२४ संपता संपता तो अडीच लाखांच्या खाली आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांची साठवण सोबत घ्यावी असे सुचवले.

पण साठवण म्हणजे बॅटरीच असे नाही. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून हेच करतो आहे. वीज स्वस्त आणि मुबलक असते तेव्हा खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज घ्यायची. टाटांच्या भिरा केंद्रातही १५० मेगावॅटचा असा संच आहे. चढवायला १०० युनिटे लागली तर ७५-८० परत मिळतात. सह्याद्रीचा उभा कडा हा त्यासाठी मोठा ठेवा आहे. १,९६० मेगावॅटचे कोयना तर संध्याकाळच्या मागणीसाठी कधीपासून राबते आहे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय साठवणीचा नाहीच, तो मागणीची वेळ बदलण्याचा आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांना वर्षानुवर्षे पाळीने रात्रीची वीज मिळत आली. साप, बिबट्या, थंडी सोसत शेतकऱ्याने मध्यरात्री पाणी धरायचे, कारण दिवसा वीज नव्हती. दुपारी सौर वीज भरपूर असताना हे चालू ठेवणे अन्यायाचे आणि तोट्याचेही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावच्या उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर त्यावर चालवायचे आहेत. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात धोंदलगावला सुरू झाला. वीज जिथे लागते तिथेच बनली, म्हणजे लांबच्या वाहिन्यांवरचा ताणही कमी होतो. अक्षय ऊर्जेच्या सगळ्या योजनांत मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते.

‘देशाची निम्मी वीज आता हरित झाली’

हा गैरसमज अक्षय ऊर्जेच्या चाहत्यांचा. २०२५ च्या मध्यावर देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला, हे खरे. पण ती क्षमता आहे, निर्मिती नाही. सौर प्रकल्प वर्षभरात क्षमतेच्या साधारण पाचवा हिस्सा चालतो. प्रत्यक्ष युनिटे मोजली तर कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. शिवाय बनलेली वीज वाहून न्यायला तारा नसतील तर प्रकल्प चालू असून बंद ठेवावे लागतात. राजस्थानात २०२५ मध्ये तेच झाले. रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ ला जोडली गेली, तेव्हा कुठे दक्षिण भारत उरलेल्या देशाशी एका ग्रिडमध्ये आला. अशा वाहिन्यांना वर्षे लागतात, सौर प्रकल्प मात्र काही महिन्यांत उभा राहतो. नियोजनात वाहिनी आधी यायला हवी.

‘छतावर सोलर आहे, आता वीज गेली तरी चिंता नाही’

पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे आणि अनेक घरांवर पॅनेल बसत आहेत. पण बॅटरी नसलेला, ग्रिडला जोडलेला संच बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद होतो, लख्ख ऊन असले तरी. हा बिघाड नाही आणि विक्रेत्याची फसवणूकही नाही. तुमच्या छतावरची वीज बंद वाहिनीत शिरली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो, म्हणून इन्व्हर्टरला तसेच बनवलेले असते. वीज गेल्यावरही पंखा-दिवा हवा असेल तर संच बसवतानाच हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीबद्दल विचारा आणि त्याचा वाढीव खर्च आधी लिहून घ्या. पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन शक्य तेवढे दुपारीच चालवा. आणि घरात जनरेटर असेल तर तो चेंजओव्हर स्विचशिवाय वायरिंगला कधीही जोडू नका.