एका थेंबात दीडशे किलो कर्ब

ऊसतोड टोळी पुढच्या फडाला लागली की मागं उरतं ते पाचट. कृष्णाकाठच्या या रानात ते घोटाभर साचलंय. मातीचा नमुना घ्यायचा तर आधी ते बाजूला सारावं लागतं. रानाचे मालक तात्या उकिडवे बसून हातानं सारतात. काडीकचरा जातो, पण माती जरासुद्धा खरवडू देत नाहीत. "वरचं बोटभर गेलं की रिपोर्ट चुकला म्हणून समजा," म्हणत टिकाव उचलतात.

खड्डा व्ही आकाराचा, वीतभर खोल. तो खणताना निघालेली माती टाकून द्यायची, ती नमुन्याची नव्हे. मग खुरप्यानं खड्ड्याच्या एका बाजूचा दोन बोटं जाडीचा काप वरपासून तळापर्यंत सारखा तासून घ्यायचा. वरची माती जास्त आली तर कर्ब उगाच जास्त दिसतो, तळाची जास्त आली तर कमी. घमेलं प्लास्टिकचं, कारण लोखंडी घमेल्याचा गंज मातीतल्या लोहाच्या आकड्यात मिसळतो. नागमोडी चालत पुढचा खड्डा. बांधालगत खोदायचं नाही, झाडाच्या सावलीत नाही, पाटाच्या ओलीत नाही आणि जिथं कधी शेणखताचा ढीग पडला होता तिथं तर मुळीच नाही. आठ-दहा ठिकाणं झाली की सगळी माती एका स्वच्छ कापडावर ओतून ढेकळं फोडायची, ढीग करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्यांचे पुन्हा चार. असं करत करत अर्धा किलो माती हातात राहते. ती सावलीत वाळवायची आणि खताच्या रिकाम्या पिशवीत कधीच भरायची नाही.

एकरभर रानाच्या वतीनं हा अर्धा किलो बोलणार. त्यातली चिमूटभर माती प्रयोगशाळेच्या फ्लास्कमध्ये जाईल आणि पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाचा एक आकडा छापून येईल. गावात आता नत्र, स्फुरद, पालाशच्या आधी लोक तोच आकडा बघतात.

बांधापलीकडच्या रानात दुपारी पाचट पेटवलं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं रान काळं झालं. पेटवणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याची अडचण खरी आहे. पाचटात उंदीर होतात, पाणी सरीतून पुढं सरकत नाही, आणि ते एका आड एक सरीत ओढायला माणसं मिळत नाहीत. एका हेक्टरला आठ ते दहा टन पाचट निघतं. वाळल्या पाचटाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कर्ब असतो, म्हणजे हेक्टरी साडेतीन-चार टन. हा सगळा कर्ब गेल्या वर्ष-दीड वर्षात उसाच्या पानांनी हवेतून ओढलेला. पाचट जाळलं की तो आला तिथंच परत जातो. एवढाच हिशेब धरला तर हवेत नवीन काही भर पडली नाही असं म्हणता येईल. तरीही त्या धुरात काजळी असते, थोडा मिथेन असतो, नायट्रस ऑक्साइड असतो. आणि मातीत मुरू शकला असता तो वाटा कायमचा हुकतो. मला हा शेवटचा तोटा सगळ्यांत मोठा वाटतो.

तात्यांच्या शेजारच्या खोडव्यात गेल्या वर्षीचं पाचट ठेवलेलं आहे. वरचा थर अजून पिवळट, कडक, हाताला कापणारा. तो उचलला की खाली ओलसर तपकिरी चुरा लागतो, त्यातून बुरशीचे पांढरे धागे गेलेले, आणि त्याच्याही खाली गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या. इथं पाचट संपतं कुठं आणि माती सुरू होते कुठं, ते बोटांना कळत नाही. हे कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि पाचटात ते फार थोडं. म्हणून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायची शिफारस आहे. युरियाच्या वजनाचा पाचवा हिस्सा कर्बच असतो, बहुतेक नैसर्गिक वायूतून आलेला. म्हणजे ८० किलो युरियाबरोबर १६ किलो जुना, जमिनीखालचा कर्ब रानात येतो आणि थोड्याच दिवसांत वायू होऊन निघून जातो. साडेतीन टनांपुढं ही रक्कम किरकोळ आहे, पण शेताच्या हिशेबात ती लिहायला हवी.

पाचट ठेवलं म्हणजे सगळा कर्ब मातीत राहिला, असंही नाही. जिवाणू आणि बुरशी पाचट खातात ते जगण्यासाठी, आणि जगताना आपल्यासारखाच श्वास सोडतात. वर्ष-दोन वर्षांत बराचसा कर्ब त्यांच्या श्वासातून हवेत परत जातो. मागं राहतो तो थोडा अंश: मेलेल्या जिवाणूंची शरीरं, मुळांचे अवशेष, चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसलेली संयुगं. काळ्या मातीत हे धरून ठेवायची ताकद चांगली आहे. पण मार्च ते मे ही माती तापते, आणि नांगर, रोटाव्हेटर तिचे रवे फोडून आतला दडलेला कर्ब जिवाणूंच्या पुढ्यात टाकतात. माती म्हणजे गळका रांजण. पाणी किती ओतलं यापेक्षा ओतणं आणि गळणं यांचा मेळ कुठं बसतो, त्यावर पातळी ठरते.

नमुना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, तेव्हा माती परीक्षण प्रयोगशाळेत खिडकीशी एक काचेची बरणी ठेवलेली होती. आत मूठभर ओली माती आणि एका वाटीत चुन्याची निवळी, झाकण घट्ट. आदल्या संध्याकाळी भरलेली. सकाळी निवळीवर पांढरी साय धरली होती. रात्रभरात मातीनं सोडलेला कार्बन डायऑक्साइड चुन्यात अडकला होता. कोरड्या मातीला पहिलं पाणी मिळालं की हा श्वास एकदम वाढतो. एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे दाखवून दिलं. रोहिणीचा पाऊस पडतो तेव्हा आपल्याही रानातून असाच एक मोठा उसासा बाहेर पडत असतो.

कर्ब मोजायची पद्धत वॉक्ली आणि ब्लॅक यांची, १९३४ सालची, आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच. वाळलेली माती लाकडी खलबत्त्यात कुटून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. त्यातली एक ग्रॅम फ्लास्कमध्ये. वर दहा मिलिलिटर पोटॅशियम डायक्रोमेट, नारिंगी रंगाचं. मग वीस मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल. आम्ल पडताच फ्लास्क इतका तापतो की तळहात टेकवत नाही, आणि त्याच उष्णतेवर काम होतं. डायक्रोमेट मातीतला कर्ब जाळून टाकतं, विस्तवाशिवाय. "हे पोटात गेलं, अंगावर गेलं तर वाईट," असं सांगत प्रयोगशाळेतल्या मॅडम हातमोजे घट्ट करतात. डायक्रोमेटमुळं कर्करोग होऊ शकतो, म्हणून धुतलेलं पाणीही इथं मोरीत ओतत नाहीत.

अर्धा तास फ्लास्क तसाच ठेवतात. नारिंगी रंग मळकट होत जातो. एखादा नमुना पुरता हिरवा पडला तर डायक्रोमेट सगळं खर्ची पडलं, मग माती कमी घेऊन पुन्हा करायचं. तात्यांच्या मातीबाबत तशी वेळ आली नाही. पुढं पाणी, फॉस्फोरिक आम्ल आणि डायफिनाइलअमाइनचे थेंब. रंग गर्द जांभळा, जवळजवळ काळा. आता ब्यूरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट सोडायचं. एका हातानं तोटी, दुसऱ्या हातानं फ्लास्क फिरवत राहायचा. बराच वेळ काहीच घडत नाही. मग जांभळ्यात निळसर छटा येते आणि मॅडम तोटी आवळतात. इथून थेंब थेंब. एक थेंब, फिरवा. दुसरा, फिरवा. आणि एका थेंबासरशी फ्लास्क लख्ख हिरवा होतो. निळ्याहिरव्याच्या मधला असा रंग दिसतच नाही.

माती न घातलेल्या फ्लास्कला २० मिलिलिटर लागले होते, तात्यांच्या मातीला १७. फरक तीनचा. एका मिलिलिटरला ०.१५ टक्के, म्हणून कर्ब ०.४५ टक्के. महाराष्ट्राच्या वर्गवारीत ०.४१ ते ०.६० म्हणजे मध्यम. शेजारी ट्रेमध्ये कोरडवाहू रानांचे नमुने होते, त्यांतले काही ०.४० च्या खाली, म्हणजे कमी.

मी तिथंच वहीत हिशेब मांडला. हेक्टरभर रानाच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन ढोबळमानानं वीस लाख किलो. त्याचे ०.४५ टक्के म्हणजे नऊ टन कर्ब. ब्यूरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर, म्हणजे ०.००७५ टक्के, म्हणजे हेक्टरी दीडशे किलो. मॅडमनी तोटी एक थेंब उशिरा आवळली असती तर तात्यांच्या रानातला दीडशे किलो कर्ब कागदावरून गेला असता.

हा आकडा मनात ठेवून जगाचा हिशेब बघावा. जगभरच्या वरच्या मीटरभर मातीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेतल्या सुमारे ९०० अब्ज टनांत झाडाझुडपांतले ४५० मिळवले तरी मातीचं पारडं जड. झाडं दर वर्षी हवेतून सुमारे १२० अब्ज टन ओढतात आणि त्यांच्या व मातीच्या श्वासातून जवळपास तेवढाच परत येतो. ही ये-जा प्रचंड आहे, पण हजारो वर्षं तिचा जमाखर्च जुळत होता. त्यात आता कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टनांची भर पडते. त्यातला साधारण निम्मा समुद्र आणि जमीन पोटात घेतात, निम्मा हवेतच राहतो. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. हा वायू जमिनीची उष्णता अडवतो, आणि तापलेल्या मातीत जिवाणूंचा श्वास आणखी वाढतो. मातीतून गळणारा कर्ब असा तापमानाशी बांधलेला आहे.

पत्रिकेवर आणखी एक रकाना असतो, मुक्त चुनखडीचा. वाळल्या मातीवर आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. हाही कर्बच, पण वॉक्ली-ब्लॅकच्या आकड्यात तो धरलेला नसतो. याची गोष्ट फार जुनी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा त्यानं हवेत भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडला. लाव्हा थिजून काळा पत्थर झाला, आणि तेव्हापासून पाऊस तो पत्थर झिजवतो आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सौम्य आम्ल होऊन दगडातला कॅल्शियम सोडवतो. त्यातला काही भाग रानात चुनखडीचे खडे होऊन बसतो, काही विहिरीचं पाणी जड करतो आणि उरलेला कृष्णा-गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरात जातो. तिथं शंखशिंपल्यांत आणि तळच्या गाळात कर्ब लाखो वर्षं बंद होतो. तात्यांची काळी माती या झिजेतूनच आली. सह्याद्री आजही हवेतला कर्ब ओढतो आहे, पण त्याची गती दगडाची आहे.

कोळशाचा कर्ब मात्र आपण माणसाच्या गतीनं वर काढतो. चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा. तात्यांची मोटार चालते ती वीज मुख्यतः कोळशाचीच. उसानं गेल्या वर्षी ओढलेला कर्ब आणि खाणीतून आलेला कर्ब हवेत गेल्यावर सारखेच तापवतात, पण पहिला परत येण्याच्या वाटेवर असतो, दुसऱ्याला परत ठेवायला जागा नाही. मातीनं नांगराखाली गमावलेला कर्ब तिला परत द्यावा, त्यात पाणी धरण्यापासून मुळं खोल जाण्यापर्यंत शेतकऱ्याचाच फायदा आहे. पण कोळशाची भरपाई माती करील, असं कुणी सांगत असेल तर ते मला मान्य नाही.

तात्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. कार्बन क्रेडिटचा करार. पाचट जाळू नका, नांगरट कमी करा, वाढलेल्या कर्बाचे पैसे वर्षाला देतो, असं सांगून गेलेल्या माणसानं दिलेला.

"मॅडम, वर्षात किती वाढतो हो?"

मॅडमनी उत्तराआधी २०१५ च्या पॅरिस परिषदेवेळी पुढं आलेल्या 'दर हजारी चार'चा दाखला दिला: मातीतला कर्ब वर्षाला हजारी चारनं वाढवायचा, ही मोठी आकांक्षा मानली जाते. तात्यांच्या नऊ टनांवर ते छत्तीस किलो होतात. ब्यूरेटच्या एका थेंबाचा चौथा हिस्सा. आणि एकाच रानात दहा पावलांवर कर्ब दोन-चार थेंबांनी वेगळा निघतो. "एका वर्षात, एका नमुन्यावर, हे मोजता येणार नाही," त्या म्हणाल्या. मोजायचं तर खुणा ठोकून त्याच जागा धरायच्या, तीस सेंटिमीटरपर्यंत दोन थर वेगळे घ्यायचे, प्रत्येक थरात ठरावीक मापाची नळी ठोकून मातीचं वजनही काढायचं, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा तसंच. नुसत्या टक्क्यावर पैसे ठरले तर माती भुसभुशीत आहे की दबलेली, एवढ्यानंच हिशेब फिरतो.

करारात खोलीचा उल्लेख नव्हता. तात्यांनी कागद परत खिशात ठेवला आणि विचारलं, दहा जागा धरल्या तर पिशव्या किती लागतील. वीस, मॅडम म्हणाल्या. तात्यांनी वीस पिशव्या मागून घेतल्या.