वसईची वाडी : घर, गोठा आणि बावखल

नांदुरा-मलकापूरकडील वऱ्हाडी वाचकाला ‘वाडी’ म्हटले की लहानशी वस्ती आठवते. वसईत मात्र वाडी म्हणजे एका कुटुंबाचे राहते घर आणि त्याभोवतीची बागाईत. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव या गावांतील ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अशा वाड्यांत राहत आली आहेत. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली व पोर्तुगीज सत्ता गेली. पण येथील भूमिपुत्र आपल्या श्रद्धेसह याच मातीत राहिले.

जुन्या वाडीचे घर कौलारू, लाकडी खांबांचे. पुढे ओटा, आत प्रार्थनेची जागा. सायंकाळची रोजरी तेथेच होई. बाजूला गुरांचा गोठा, भाताच्या झोडणीसाठी सारवलेले खळे आणि पेंढ्याची उडवी. घराच्या मागे केळी, पानवेली, भाजीचे वाफे व मोगरा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी तयार होतात. वसईचे नाव दूरवर नेणारा हा मेवा याच अंगणांतला.

या सर्वांचा प्राण म्हणजे पाणी. विहिरीवर लाकडी रहाट असे. बैल किंवा रेडा फिरू लागला की पोहऱ्यांची माळ पाणी वर आणी आणि ते पाटाने वाफ्यांत जाई. याखेरीज वाडीत बावखल असे. बावखल म्हणजे कठडा नसलेले, पसरट, उतरत्या काठाचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते व वालुकामय जमिनीत मुरते. किनाऱ्यालगत भूगर्भातील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला आणि मुरणे थांबले की खारे पाणी वर सरकते, विहीर मचूळ होते आणि केळीची बाग सुकते. म्हणजे बावखल बुजविणाऱ्याचे नुकसान त्याच्या कुंपणापाशी थांबत नाही. शेजाऱ्याची विहीरही त्यात सापडते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीचा लढा पाणी आणि हिरवाई यांसाठीच होता. 2009 साली महानगरपालिका आली, इमारती वाढल्या आणि जमिनीचे मोल वाढले. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीला आपले सामायिक घर म्हटले. वसईकराला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये.

घराची वाटणी होताना भावंडे खोल्या मोजतात, झाडे मोजतात. बावखल मात्र कोणाच्याच वाट्याला नीट येत नाही, आणि म्हणून प्रथम तेच भरावाखाली जाते. जुने घर डागडुजीने टिकविता येते. पाणी खारे झाल्यावर त्याभोवतीची वाडी पुन्हा उभी करणे फार कठीण. तेव्हा वाटणीपत्र लिहिताना बावखल सर्वांचे सामाईक राहील आणि ते कोणी बुजवणार नाही, ही अट सर्व वारसांच्या सह्यांनी त्यात घालून घ्यावी. धर्मग्रामात कायद्याची जाण असलेली मंडळी असतात. मसुदा त्यांना आधी दाखवावा.